२०० मायक्रोलीटरची पिपेट सगळीकडे कमी देतेय. स्क्रू फिरवायचा का?

प्रयोगवही

२० ते २०० मायक्रोलीटरची, व्हॉल्यूम बदलता येणारी साधी एकटिपी मायक्रोपिपेट (लावलेलं व्हॉल्यूम ओढून सोडणारं हातातलं उपकरण) आहे. खालचा भाग उघडून साफ केला, परत जोडला आणि डिस्टिल्ड वॉटरचं वजन घेऊन तपासली. बॅलन्स चार दशांश स्थळांचा, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा. पाणी आणि खोली दोन्ही २७ अंश सेल्सिअस.

१०० वर लावून घेतलेली दहा रीडिंग (मिलिग्रॅममध्ये): ९७.१, ९७.४, ९७.०, ९७.३, ९७.२, ९७.५, ९६.९, ९७.३, ९७.१, ९७.२. सरासरी ९७.२.

२०० वर सरासरी १९६.०. यात पहिलं रीडिंग १९५.१, बाकीची त्याच्या वरच. नवी टिप लावली की दर वेळी पहिलं रीडिंग सगळ्यांत कमी येतं.

२० वर सरासरी १८.६, पण आकडे १८.१ ते १९.२ असे नाचतात.

पद्धत अशी: बॅलन्सवर ५० मिलीचं काचेचं बीकर, झाकण नाही. दर वेळी शून्य करायचं, पाणी सोडायचं, दार लावून रीडिंग घ्यायचं. बॅलन्सवर दाब येऊ नये म्हणून टिप काचेला लावत नाही, वरूनच पाणी सोडतो.

प्रश्न असे:
१) हँडलवर कॅलिब्रेशनचा स्क्रू आहे. तो फिरवून १०० वर १०० आणलं तर काम भागेल का?
२) २० वरचे आकडे इतके का हलतात?
३) १००० वाली दुसरी पिपेट पाण्याला नीट आहे, पण अॅसिटोन घेतला की टिपमधून आपोआप थेंब गळतात. आणि ५० टक्के ग्लिसरॉल कायम कमी पडतं. या दोन्हींना उपाय काय?

काटेकोर

१०० वर २.८ कमी पडतंय ना? मग स्क्रूने २.८ वाढवा. स्क्रू त्यासाठीच दिलेला असतो. नंतर तिन्ही व्हॉल्यूमला पुन्हा वजन घ्या, मर्यादेत बसलं की झालं.

दशांशस्थळ

स्क्रूला हात लावू नका. आधी हिशोब नीट मांडू, म्हणजे का ते कळेल.

मिलिग्रॅम म्हणजे मायक्रोलीटर नव्हे. २७ अंशाला पाण्याची घनता ०.९९६५ ग्रॅम प्रति मिली असते, शिवाय वजन हवेत होत असल्याने हवेच्या उत्प्लावक बलामुळे बॅलन्स साधारण ०.१ टक्का कमी दाखवतो. दोन्ही धरून येणारा गुणक म्हणजे झेड फॅक्टर. समुद्रसपाटीच्या दाबाला तो २० अंशाला १.००२९, २५ ला १.००४०, २७ ला १.००४५. तापमान पाण्याचं घ्यायचं, थर्मामीटर पाण्यात बुडवून. एसीवर दिसणारा आकडा चालत नाही.

आता तुमचे आकडे:

२० वर: १८.६ × १.००४५ = १८.६८, चूक −१.३
१०० वर: ९७.२ × १.००४५ = ९७.६४, चूक −२.४
२०० वर: १९६.० × १.००४५ = १९६.८८, चूक −३.१

आयएसओ ८६५५ या पिपेटच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत २०० मायक्रोलीटरच्या पिपेटला पद्धतशीर चुकीची (सरासरी किती सरकली) मर्यादा ±१.६ मायक्रोलीटर आणि यादृच्छिक चुकीची (रीडिंग आपसात किती विखुरली) ०.६ मायक्रोलीटर आहे. १०० वरच्या तुमच्या दहा रीडिंगचं प्रमाण विचलन ०.१८ येतं. म्हणजे हात स्थिर आहे, पिपेट दर वेळी तेच चुकीचं व्हॉल्यूम इमानेइतबारे देते आहे.

खरी गोम तिन्ही चुका शेजारी ठेवल्यावर दिसते. स्क्रू फिरवल्याने साऱ्या रेंजमध्ये जवळपास सारखीच रक्कम मिळवली किंवा वजा होते. तुमची चूक मात्र व्हॉल्यूमबरोबर वाढते आहे: साधारण १ मायक्रोलीटरचा स्थिर भाग आणि त्यावर व्हॉल्यूमच्या १ टक्क्याच्या आसपास. म्हणजे किमान दोन वेगळी कारणं एकत्र आलीत.

वर सांगितल्याप्रमाणे सरसकट २.८ वाढवलं तर काय होईल पाहा. २०० वर −०.३, १०० वर +०.४, २० वर +१.५. तिन्ही ±१.६ च्या आत! कागदावर पिपेट पास. पण २० लावल्यावर ती २१.५ देणार, म्हणजे सात टक्क्यांहून जास्त. एन्झाइम मोजून टाकायचं असेल तर ही पिपेट आधीपेक्षा वाईट झाली, कारण आता तिच्यावर कुणाला संशयही येणार नाही. आणि मूळ दोष गळतीचा असेल तर तो वाढत जाईल, मग पुन्हा स्क्रू. स्क्रू सगळ्यात शेवटी, यांत्रिक दोष आणि वजनाची पद्धत दोन्ही निस्तरल्यावरच.

ओरिंग

साफ केल्यावर चूक आली असेल तर पहिला संशय सीलवर.

गळती तपासायला दोन मिनिटं पुरतात. २०० लावा, नवी टिप घट्ट बसवा, तीनदा पाणी ओढून-सोडून टिप ओली करा, मग पूर्ण २०० ओढा. पिपेट उभी धरून २० सेकंद थांबा. टोकाशी थेंब फुगू लागला की गळती आहे. बारीक गळती अशी दिसत नाही; तिच्यासाठी पाणी ओढल्यावर टोक पाण्यात २-३ मिलिमीटर बुडवलेलंच ठेवा आणि टिपमधली पातळी खाली सरकते का ते बघा. खालचा भाग मुठीत धरू नका. हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि नसलेली गळती दिसते.

थेंब आला तर आधी फक्त टिप बदला. ‘सगळ्यांना बसणाऱ्या’ टिपा सगळ्यांना बसतातच असं नाही. शंकूवर, म्हणजे पिपेटच्या खालच्या निमुळत्या टोकावर, टिप चढवल्यावर आतल्या बाजूला सलग ओळ दिसायला हवी. टिप डगमगत असेल किंवा तिरकी बसत असेल तर हवा तिथूनच जाते. रॅकमध्ये पिपेट धाडधाड आपटून टिप बसवायची सवय वाईट. शंकूवर चरे पडतात आणि मग कुठलीच टिप नीट बसत नाही.

तीन वेगळ्या टिपांनी तोच थेंब आला तर उघडा. खालचं बॅरल काढल्यावर पिस्टन, स्प्रिंग, सील आणि ओ-रिंग दिसतात. इथे हमखास होणाऱ्या चुका:

ओ-रिंग बॅरलमध्ये किंवा पिस्टनच्या वरच्या टोकाला चिकटून राहते आणि जोडताना ती नाहीच हे लक्षात येत नाही. सील उलटं बसतं. बहुतेक सीलना वरची आणि खालची बाजू वेगळी असते, मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवूनच जोडा. सीलच्या ओठाखाली टिश्यू पेपरचा धागा अडकतो. हा धागा भिंगाशिवाय दिसत नाही, म्हणून पुसायला लिंट न सोडणारं कापड घ्यावं. आणि बॅरलचा नट अर्धवट राहतो. तो हाताने घट्ट करायचा, पाना लावून नाही.

पिस्टन उजेडात फिरवून पाहा. बोटांचे डाग असतील तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकवा. बारीक खड्डे किंवा गंजाचे ठिपके असतील तर सील बदलून उपयोग नाही. त्या खड्ड्यांनी नवं सीलही थोड्याच दिवसांत कातरलं जाईल. पिस्टनच बदलायला हवा. हे खड्डे बहुतेक वेळा एकाच कारणाने पडतात: टिपमध्ये आम्ल असताना पिपेट टेबलावर आडवी ठेवली जाते.

ग्रीसबद्दल: काही बनावटींत सीलला ग्रीसचा अगदी पातळ थर लागतो, काहींत सील कोरडंच चालवायचं असतं. मॅन्युअलमध्ये असेल तेच आणि तेवढंच लावा. जास्तीचं ग्रीस खाली उतरून शंकूत येतं. सिलिकॉन ग्रीस जेलीसारखं थापलेली पिपेट साफ करायची म्हणजे डोक्याला ताप.

मेनिस्कस

स्थिर भागाचं बरंचसं कारण तुम्ही स्वतःच लिहिलं आहे: टिप काचेला न लावता वरून सोडता. दुसऱ्या स्टॉपपर्यंत (बटण दाबताना पहिल्या अडथळ्याच्या पुढचा, शेवटचा टप्पा) दाबलं तरी टोकाला लोंबणारा थेंब तिथेच राहतो. हा थेंब अर्धा ते एक मिलिग्रॅमचा सहज असतो, आणि २० लावा की २००, तेवढाच राहतो. २० वर तोच मोठा दिसतो, आणि दर वेळी कमी-जास्त राहत असल्याने आकडेही तिथेच नाचतात.

बॅलन्सवर दाब येण्याची भीती नको, दाब फक्त रीडिंग घेताना नसायला हवा. त्याहून बरं म्हणजे भांडं चिमट्याने बाहेर काढून त्यात पाणी सोडा आणि परत ठेवा. बोटांनी धरू नका. ऊब आणि बोटांचा ओशटपणा दोन्ही वजनात उतरतात.

ओढताना: पिपेट उभी, फार तर २० अंश कललेली. टोक पाण्यात २-३ मिलिमीटर, १००० च्या पिपेटला ३-४. खोल बुडवलं तर टिपला बाहेरून चिकटलेलं पाणीही मोजलं जातं. फार वर ठेवलं तर हवा शिरते. अंगठा सावकाश सोडा आणि टोक पाण्यातच ठेवून एक सेकंद थांबा. लगेच बाहेर काढली तर पाणी वर चढायचं थांबलेलंच नसतं.

सोडताना: टोक काचेच्या भिंतीला ३० ते ४५ अंशात टेकवा, पहिल्या स्टॉपपर्यंत दाबा, एक सेकंद थांबा, दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबा आणि दाबलेलंच ठेवून टोक भिंतीवरून वर घासत काढा.

पहिलं रीडिंग कमी येतं त्याचं कारण: टिप आणि पिस्टन यांच्यामध्ये हवेची गादी असते. नव्या टिपमध्ये ती कोरडी असते. पाणी आत येताच त्याची वाफ या हवेत मिसळते, हवा फुगते आणि तेवढं पाणी कमी ओढलं जातं. शिवाय टिपची आतली भिंत कोरडी असल्याने पहिल्या खेपेला थोडं पाणी तिलाच चिकटून राहतं. म्हणून मोजायला सुरुवात करण्याआधी पाच वेळा तेच व्हॉल्यूम ओढून टाकून द्या. अपवाद एक: द्रव खोलीपेक्षा बराच गार किंवा गरम असेल तर आधी ओलं करू नका, दर वेळी नवी टिप घेऊन झटपट काम उरका. अशा द्रवाने आतल्या हवेचं तापमान खेपेगणिक बदलत जातं. गार द्रव जास्त भरला जातो, गरम कमी.

आता वजनाची बाजू. उघड्या ५० मिलीच्या बीकरमधून पाणी सतत उडत असतं. लहान तोंडाची झाकणवाली काचेची वजनाची बाटली घ्या, तळ झाकेल इतकं पाणी आधीच घालून ठेवा आणि झाकण फक्त पाणी सोडण्यापुरतं उघडा. प्लास्टिकचं भांडं नको, कोरड्या हवेत त्यावर स्थिर विद्युतभार बसतो आणि आकडा सरकत राहतो. तरीही जे उडतं ते मोजा: चार वेळा सगळ्या हालचाली तशाच करा, फक्त पाणी सोडू नका. दर खेपेला किती घट येते ते लिहा, सरासरी काढा आणि प्रत्येक रीडिंगमध्ये मिळवा. यासाठी प्रत्येक खेप सारख्याच वेळात व्हायला हवी. मिनिटाच्या आत उरका. पिपेट, टिपा आणि पाणी आधी किमान दोन तास त्याच खोलीत ठेवा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर उत्तम.

अजून एक, ०.१ मिलिग्रॅमचा बॅलन्स १०० च्या वर ठीक आहे. २० मायक्रोलीटरला ०.०१ मिलिग्रॅम वाचणारा हवा. तुमच्या आकड्यांमधला फरक मात्र एका मिलिग्रॅमहून जास्त आहे, त्यामुळे तो आत्ता बॅलन्सच्या माथी मारता येणार नाही.

आणि व्हॉल्यूम लावताना नेहमी वरून खाली या. १०० हवं असेल तर १०० च्या वर तृतीयांश फेरा जा आणि मग खाली येऊन थांबा. खालून वर येऊन थांबलात तर स्क्रूच्या आट्यांमधली ढील मध्ये येते आणि आकडा तोच दिसूनही व्हॉल्यूम वेगळं पडतं.

प्रयोगवही

गळतीची चाचणी घेतली. २० सेकंदांत टोकाशी थेंब फुगला, टिप बदलूनही तेच. उघडल्यावर सील उलटं बसलेलं निघालं, आणि ओठावर एक चीरही होती. नवं सील, नवी ओ-रिंग, चित्राप्रमाणे जोडलं. आता थेंब येत नाही.

झाकणाची बाटली, पाच वेळा ओलं करणं, भिंतीला टेकवणं, हे सगळं पाळून नवे आकडे. रिकाम्या चार खेपांत मिळून ०.८ मिलिग्रॅम उडालं, म्हणजे दर खेपेला ०.२.

२० वर: १९.५५ + ०.२ = १९.७५; गुणिले १.००४५ = १९.८४, चूक −०.१६
१०० वर: ९९.१ + ०.२ = ९९.३, म्हणजे ९९.७५, चूक −०.२५
२०० वर: १९८.४ + ०.२ = १९८.६, म्हणजे १९९.४९, चूक −०.५१

२० वरची दहाही रीडिंग आता १९.४ ते १९.७ मध्ये आहेत. स्क्रू जिथे होता तिथेच आहे. उरलेला अर्धा मायक्रोलीटर स्क्रूने घालवायचा का? आणि अॅसिटोन व ग्लिसरॉलचं राहिलंच.

दशांशस्थळ

नाही, घालवू नका. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यात आहे. पुढच्या तपासणीला हेच आकडे शेजारी ठेवता यावेत म्हणून आज स्क्रू जसा आहे तसाच हवा. वहीत तारीख, पाण्याचं तापमान, टिपचा प्रकार आणि सील बदलल्याची नोंद करा. टिप बदलली तर तपासणीही नव्याने. तपासली जाते ती पिपेट आणि टिप यांची जोडी.

काटेकोर

मान्य, २० वर काय होईल ते मी मोजलंच नव्हतं. एक शंका: खालचा भाग ऑटोक्लेव्ह केला (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केला) तर पुन्हा तपासावी लागेल का?

ओरिंग

हो. आधी मॅन्युअलमध्ये परवानगी आहे का ते बघा. काही पिपेट अख्ख्या चालतात, काहींचा फक्त खालचा भाग, काही अजिबात नाही. १२१ अंश, २० मिनिटं हे नेहमीचं. नट थोडा सैल ठेवून आत घाला, बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पूर्ण सुकू द्या, मग नट आवळा. आत ओल राहिली की पिस्टनला गंज. त्यानंतर गळतीची चाचणी आणि निदान एका व्हॉल्यूमला वजन.

मेनिस्कस

अॅसिटोनच्या बाबतीत तुमची पिपेट निर्दोष आहे. २० अंशाला पाण्याचा बाष्पदाब २.३ किलोपास्कल, इथेनॉलचा साधारण ६, अॅसिटोनचा २४ च्या आसपास. म्हणजे अॅसिटोन हवेच्या गादीत पाण्याच्या दसपट जोराने वाफ सोडतो, हवा फुगते आणि द्रव खाली ढकलला जातो. तोच थेंब तुम्हाला दिसतो. आठ-दहा वेळा ओढून-सोडून ती हवा अॅसिटोनच्या वाफेने भरून टाका, म्हणजे थोडा वेळ गळणं थांबतं. तेवढ्यात काम उरका आणि बाटली पिपेटच्या अगदी जवळ ठेवा. रोजचं काम असेल तर पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पिपेटच घ्या. तिचा पिस्टन टिपमध्येच असतो, द्रवाला थेट टेकतो, मधे हवाच नाही. किंवा १ मिलीच्या वर असेल तर सरळ काचेची सिरिंज. साध्या पिपेटने अॅसिटोन घेतलाच तर नंतर खालचा भाग उघडून हवेशीर ठेवा, वाफेने काही सीलं फुगतात.

ग्लिसरॉलला उलटं पिपेटिंग करा. दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबून टोक द्रवात घाला, अगदी हळू ओढा, १००० वर चार-पाच सेकंद थांबा. सोडताना फक्त पहिल्या स्टॉपपर्यंत दाबा आणि तिथेच धरून ठेवा. टिपमध्ये उरलेलं टाकून द्यायचं, चुकूनही नमुन्यात सोडायचं नाही. भिंतीला चिकटून राहणाऱ्या थराची भरपाई त्या जास्तीच्या द्रवातून होते. पाण्याला ही पद्धत वापरली तर व्हॉल्यूम थोडं जास्त पडतं, म्हणून वजनाच्या तपासणीत ती नको. फिल्टरच्या टिपा असतील तर घाईने ओढू नका, फिल्टर ओला झाला की हवेची वाट बंद होते आणि पिपेट अर्धवट भरते.

शुद्ध ग्लिसरॉल मात्र पिपेटने मोजण्याचा नादच सोडा. घनता १.२६ ग्रॅम प्रति मिली. ५ मिली हवं तर बाटली बॅलन्सवर ठेवून ६.३ ग्रॅम ओता.